चटईच्या कारखान्यात वेलनेसचा खर्च परवडतो का? आधी हजेरीचं मस्टर उघडा

कारखाना चालवणाऱ्या एकाने मला प्रश्न विचारलाय, थोडक्यात असा. जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईचा कारखाना, दोन शिफ्ट मिळून १४० माणसं, आणि पुण्याच्या एका वेलनेस कंपनीने माणशी १५०० रुपयांचं वर्षाचं पॅकेज दिलंय. त्यात रक्ततपासणी, महिन्यातून एकदा योगा, पावलं मोजायचं ॲप आणि ऑनलाइन लेक्चर. वडील म्हणतात आपण एवढी वर्षं हे काही न करता धंदा केला, सीए म्हणतो रिटर्न दाखवा, आणि तुम्हाला स्वतःला मनापासून करायचंय पण दोघांना पटवायला आकडा नाही.

मी २३ वर्षं कारखान्यांचा डॉक्टर म्हणून काम करतोय, जळगाव, भुसावळ, धुळे, जिनिंगपासून दाल मिल, पाइप, चटई सगळीकडे फिरलोय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, कामगारांच्या तब्येतीवर खर्च करा, नक्की करा, तो वसूल होतो, पण हे पॅकेज घेऊ नका. २ लाख १० हजार जातील आणि वर्षाच्या शेवटी हातात १४० रिपोर्टची फाइल आणि पाच-सहा फोटो राहतील.

कोटेशनच्या दुसऱ्या पानावर बहुतेक "१ रुपया टाका, ३ रुपये मिळवा" असं लिहिलेलं असेल. ते खोटं नाहीये, पण अर्धवट आहे. २०१० साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या अभ्यासकांनी तोपर्यंतचे सगळे अभ्यास एकत्र करून हिशोब काढला होता की वेलनेसवरच्या १ डॉलरमागे दवाखान्याचा खर्च सुमारे ३.२७ डॉलरने आणि गैरहजेरीचा खर्च २.७३ डॉलरने कमी होतो. तेव्हापासून हा आकडा जगभर सेल्सवाल्यांच्या बॅगेत आहे. पुढचं मात्र कुणी सांगत नाही, की त्याच हार्वर्डच्या अभ्यासकांनी नंतर नीट चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला, अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणी, जवळपास ३३ हजार कर्मचारी, काही ठिकाणी प्रोग्रॅम दिला काही ठिकाणी नाही, आणि २०१९ मध्ये निकाल छापला. दीड वर्षानंतर लोक सांगत होते की आम्ही व्यायाम जास्त करतो, वजनाकडे लक्ष देतो, पण बीपी, शुगर, दवाखान्याचा खर्च, गैरहजेरी यात दोन्हीकडे फरक दिसला नाही. इलिनॉय विद्यापीठातला अभ्यासही त्याच सुमाराचा, त्यात हे पण दिसलं की असल्या प्रोग्रॅमला येतात ते बहुतेक आधीच तब्येत सांभाळणारे लोक, म्हणून जुन्या अभ्यासांत फायदा फुगलेला दिसायचा. हे मी इथेही डोळ्यांनी बघितलंय, योगाच्या तासाला ऑफिसचा स्टाफ आणि दोन सुपरवायझर येतात, एक्स्ट्रूडरवरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवायच्या मशीनवरचा, माणूस येत नाही कारण त्याला मशीन सोडता येत नाही.

आता यातलं कामाचं काय ते ऐका. पेप्सिको कंपनीच्या प्रोग्रॅमचा ७ वर्षांचा हिशोब २०१४ मध्ये आला, त्यात दोन भाग वेगळे करून बघितले होते. ज्यांना आधीच बीपी, शुगर, दमा असं काही आहे त्यांचा पाठपुरावा, यात १ डॉलरमागे साधारण ३.८० डॉलर परत आले. आणि सगळ्यांसाठी वजन कमी करा, पावलं चाला असं जे होतं त्यात १ डॉलरमागे ५० सेंट, म्हणजे निम्मे पैसे बुडाले. तुमच्या कोटेशनमध्ये नेमका दुसरा भाग आहे आणि पहिला नाहीये. रक्ततपासणी आहे हो, पण तपासणीनंतर कोण काय करणार हे मला तरी त्यात कुठे दिसलं नाही.

ह्या गोष्टीवर मी एवढा अडून का बसतो ते सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका युनिटमध्ये, नाव घेत नाही, आम्ही हेल्थ कॅम्प लावला होता. चांगला झाला, बॅनर लागला, नाश्त्याला पोहे होते, १६० जणांची तपासणी झाली. त्यातल्या ३१ जणांचं बीपी वाढलेलं निघालं. रिपोर्ट बंद पाकिटात ऑफिसला दिले, ते कपाटात गेले. अकरा महिन्यांनी तिथल्या एका मशीन ऑपरेटरला रात्रपाळीत पॅरालिसिसचा झटका आला, ४४ वर्षांचा माणूस, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी नंतर ते कपाट उघडायला लावलं. त्याचा रिपोर्ट पाकिटासकट तिथेच होता, बीपी १८० बाय ११०. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नंतर विचारायला गेलो नव्हतो, कॅम्प करून बिल देऊन मोकळा झालो होतो. महिन्याला शंभर-दीडशे रुपयांच्या गोळ्यांनी बहुतेक थांबलं असतं ते. मालकाचा हिशोब बघायचा तर १५ वर्षं काम शिकलेला ऑपरेटर हातचा गेला, त्याच्या जागी आलेल्या पोराला हात बसायला सहा महिने लागले, आणि त्या घराचा हिशोब तर मांडताच येत नाही. तेव्हापासून पाठपुरावा नसेल तर मी कॅम्प घेत नाही.

आणि तपासणी तर आता तशीही करावीच लागणार आहे. नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यात ४० च्या वरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करायची आहे. म्हणून तपासणी करायची की नाही हा विषयच संपला, तपासणीनंतरच्या दुसऱ्या दिवशी काय होतं यावर तुमचे पैसे वसूल होणार की नाही ते ठरतं.

आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभराचा मोठा सर्व्हे २०२३ मध्ये आला, त्यात मोठ्या माणसांत ३५.५ टक्के लोकांना बीपी आणि ११.४ टक्के लोकांना डायबेटिस निघाला. तुमच्याकडे पोरं तरुण आहेत म्हणून कमी धरा, तरी १४० मध्ये २५-३० जण बीपीचे निघतील आणि त्यातल्या निम्म्यांना आज माहीतच नसेल. ह्या २५-३० जणांसाठी काय लागतं, तर आठवड्यातून दोन दिवस अर्धा वेळ येणारी एक नर्स, एक वही, एक बीपी मशीन. ती दर पंधरा दिवसांनी त्या माणसाला मशीनवर जाऊन भेटते, बीपी बघते, गोळी चालू आहे का विचारते, संपली असेल तर कुठून आणायची सांगते. एवढंच, पण दर पंधरा दिवसांनी, वर्षभर. नर्स निवडताना एक बघा, तिला अहिराणी यायला पाहिजे. तुम्हाला गंमत वाटेल पण मी हे अनुभवाने सांगतोय, शुद्ध मराठीत "काही त्रास होतो का?" विचारलं की आपला माणूस "नाही मॅडम" म्हणतो आणि मोकळा होतो. तिनेच "काय व्हई राहिनं भाऊ?" असं विचारलं की तो सांगतो, "डोकं दुखी राहिनं ताई, आठ दिन व्हई ग्यात." मग खरं कळतं. युपी-बिहारची पोरं असतील तर थोडं हिंदी हवं.

गोळ्यांचा खर्च तुमच्यावर येईल असं वडिलांना वाटत असेल तर ईएसआयसीचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हिशोब दाखवा. २१ हजारापर्यंत पगार असलेल्यांचे तुम्ही ३.२५ टक्के भरता, कामगाराचे ०.७५ टक्के कापता. ६०० रुपये रोज आणि २६ दिवस धरले तर महिन्याला १५,६०० पगार, त्यावर तुमचे ५०७ रुपये, १४० जणांचे वर्षाला जवळजवळ साडेआठ लाख. कामगारांचे वेगळे सुमारे २ लाख. म्हणजे साडेदहा लाख रुपये तुमच्या कारखान्यातून दरवर्षी आधीच आरोग्यावर जातायत आणि मी पैजेवर सांगतो की निम्म्या लोकांकडे कार्ड नाही, असलं तर आधार लिंक नाही, बायकोपोरांची नावं टाकलेली नाहीत, आणि ठेकेदाराच्या माणसांचं तर विचारूच नका. माणूस आजारी पडला की गावातल्या डॉक्टरकडे ५०० रुपये घालून सलाइन लावतो आणि तुमच्याकडे उचल मागायला येतो. नियमात बसणाऱ्या माणसाला आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, ईएसआयसीकडून मिळतात, हे माझ्या अंदाजाने तुमच्या सुपरवायझरलाही माहीत नसेल. ऑफिसमधल्या एका मुलाला महिनाभर फक्त हेच काम द्या, सगळ्यांची कार्डं, नावं, जवळचा दवाखाना. याला पैसे लागत नाहीत आणि वेलनेसमधलं सगळ्यात मोठं काम माझ्या मते हेच आहे.

आता उन्हाळा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण पुण्याच्या कंपनीला आपला मे महिना माहीत नाही. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जाणं आपल्याला नवीन नाही, त्यात तुमचं पत्र्याचं शेड आणि आत २०० डिग्रीवर चालणारे एक्स्ट्रूडर. भारतातल्याच कारखान्यांचा एक अभ्यास २०२१ मध्ये छापून आला, त्यात तापमान १ अंशाने वाढलं की कारखान्याचं वर्षाचं उत्पादन साधारण २ टक्क्यांनी घटतं असं निघालं, आणि गरम दिवसांत लोक कमी काम करतात तसेच गैरहजरही जास्त राहतात. जिथे आत थंडावा केलेला होता तिथे कामातलं नुकसान बरंच कमी झालेलं दिसलं. तुमचे स्वतःचे मागच्या दोन वर्षांचे एप्रिल-मेचे उत्पादनाचे आकडे जानेवारीच्या आकड्यांशेजारी ठेवा, हे माझ्याकडून ऐकायची गरज नाही पडणार.

पाण्याचं गणित करा. गरमीत काम करणाऱ्याने दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास पाणी प्यावं असं सांगतात, म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या आसपास, ८ तासांचे साडेपाच-सहा लिटर. एका शिफ्टला ७० माणसं म्हणजे ४०० लिटर पिण्याचं पाणी, एका शिफ्टला. तुमचा कूलर किती लिटरचा आहे आणि लूमपासून, म्हणजे चटई विणायच्या मशीनपासून, किती लांब आहे? जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये थंड पाण्याची सक्ती २५० च्या वर कामगार असतील तिथे होती म्हणून १४० वाल्यांनी कधी लक्ष दिलं नाही, पण ४५ डिग्रीत २५० आणि १४० मध्ये काय फरक. कूलर गेटजवळ असेल तर माणूस मशीन सोडून जात नाही, आणि गेला तर सुपरवायझर ओरडतो. जार मशीनपर्यंत न्या, शिफ्टमध्ये एका माणसाला फक्त जार भरायचं काम द्या. ओआरएस ठेवा पण जास्त घाम गाळणाऱ्यांसाठी, बीपीवाल्यांनी मूठमूठ मीठ टाकलेलं लिंबूपाणी दिवसभर पिऊ नये, त्यांचं नर्सला विचारून ठरवा.

पंख्याचं पण एक सांगतो, ४० च्या वर हवा गेली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी असते म्हणून पाण्याचे मोठे डक्ट कूलर खानदेशात फार चांगलं काम करतात, मुंबईला ते चालणार नाहीत, इथे चालतात. जूनमध्ये ढग आले की त्यांचा उपयोग कमी होतो, तोपर्यंत गरमीही उतरलेली असते. पत्र्याला वरून पांढरा रंग आणि छतावर फिरणारे व्हेंटिलेटर, एवढ्यानेही आत फरक जाणवतो.

आणि आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, आठवडा सांभाळा. आखाजीला आपल्याकडे बाया माहेरी जातात, पुरुषही गावाला जातात, आठ-दहा दिवसांनी परत येतात आणि आपण समजतो की जुना माणूस आहे, लगेच पूर्ण शिफ्ट लावा. गरमीची सवय आठवडाभर सुटली की शरीर पुन्हा नवख्यासारखं होतं. अगदी नवीन माणसाला पहिल्या दिवशी गरम जागेवर शिफ्टचा पाचवा हिस्साच द्यायचा आणि रोज तेवढाच वाढवत न्यायचा अशी शिफारस आहे, परत आलेल्या जुन्याला यापेक्षा लवकर वाढवता येतं पण पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट नाही. मी बघितलेल्या ऊष्माघाताच्या केसमध्ये बहुतेक जण नवीन किंवा सुट्टीवरून आलेले होते. एकाला तर माझ्यासमोर गाडीत घालून दवाखान्यात नेत होते, बडबडत होता, अंग तव्यासारखं तापलेलं. मी गाडी थांबवून आधी जमिनीवर झोपवला, पाण्याच्या बादल्या ओतल्या, काखेत मानेला बर्फ, पंखा, आणि मग नेला, तो वाचला. तुमच्या दोन्ही शिफ्टच्या सुपरवायझरला हे तोंडपाठ पाहिजे, बडबड करायला लागला किंवा चालताना झोकांड्या जायला लागल्या की आधी थंड करा, मग गाडी.

बायांबद्दल लिहितो, यावर कुणी बोलत नाही. काठ शिवायला, पॅकिंगला तुमच्याकडे बाया असतील. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. का, तर संडास-बाथरूमला कडी नाही, पाणी नाही, पुरुषांच्या समोरून जावं लागतं. मग लघवीची जळजळ, ताप, कंबर दुखणं, दोन दिवस सुट्टी. माझ्याकडे एप्रिल ते जून ह्याच तक्रारी घेऊन बाया येतात आणि गोळ्या देऊन परत त्याच बाथरूमला पाठवायचं मला बरं वाटत नाही. कडी, बल्ब, नळाला पाणी, झाकणाचा डबा आणि रोज दोनदा सफाई. पाण्याचे कितीही जार ठेवले तरी हे केल्याशिवाय बाया पाणी पिणार नाहीत. त्यासोबत एकदा हिमोग्लोबिन बघा, देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये ५७ टक्क्यांना रक्ताची कमी आहे असं सरकारच्याच २०१९-२१ च्या सर्व्हेत आहे. लोहाच्या गोळ्या स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात फुकटही मिळतात, पण इथेही तेच, तीन महिने रोज घेतल्या जातायत का हे नर्सने विचारायचं.

सगळ्यात स्वस्त आणि लवकर वसूल होणारी गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, चष्मा. चाळिशी लागली की जवळचं दिसत नाही, हे आपल्याला स्वतःला लगेच कळतं कारण आपण मोबाइल आणि पेपर वाचतो. लूमवरचा माणूस वाचत नाही, त्याला फक्त तुटलेला दोरा सापडायला वेळ लागतो. आसाममध्ये चहाची पानं खुडणाऱ्या ४० वर्षांच्या वरच्या ७५१ मजुरांवर प्रयोग झाला, निम्म्यांना जवळचा साधा चष्मा दिला, आणि २०१८ मध्ये निकाल छापला की चष्मा मिळालेल्यांचं काम दुसऱ्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी वाढलं. माझ्या वाचनात एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पडलेली दुसरी गोष्ट नाही. चटईवर एवढाच आकडा येईल असं मी म्हणत नाही, काम वेगळं आहे, पण दोरा ओवणं, डिझाइन जुळवणं, काठ शिवणं हे सगळं डोळ्यांचंच काम आहे. समजा ४० च्या वरचे ४८ जण आहेत, रेडिमेड चष्मा २०० रुपयांना धरला तर ९,६०० रुपये. शुगर असलेल्यांना आणि लांबचंही धूसर दिसणाऱ्यांना मात्र डोळ्यांच्या डॉक्टरकडेच पाठवा, रेडिमेडवर भागवू नका.

एक वेगळा विषय, जो खानदेशात कारखाना चालवणाऱ्याला माहीत पाहिजे. तुमच्याकडे नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल भागातली सातपुड्यातली आदिवासी पोरं कामाला असतील तर काहींना सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, असण्याची शक्यता आहे. सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं मिशन चालू केलंय, तपासणी होते, कार्ड मिळतं. ज्याला पूर्ण आजार आहे त्याला पाणी कमी पडलं, फार थकवा आला, एकदम थंडी लागली की हाडांत भयंकर दुखणं सुरू होतं. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो म्हणून मुकादम म्हणतो कामचोर आहे, नाटक करतो. एका पोराला असंच तीनदा कामावरून काढलेलं मी बघितलंय, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. असा माणूस कामावर राहू शकतो, गरम जागेऐवजी पॅकिंगला लावा, पाणी जवळ ठेवा, दुखलं तर लगेच सोडा. नुसता वाहक असेल, म्हणजे स्वतःला आजार नाही पण पोरांकडे जाऊ शकतो, तर तो रोजच्या कामात तुमच्या-आमच्यासारखाच, पण कडक उन्हात फार ओझ्याचं काम असेल तर पाणी आणि विश्रांती त्यालाही हवीच.

पण हे सगळं तेव्हाच बाहेर येईल जेव्हा माणसाला खात्री असेल की रिपोर्ट मालकाकडे जाणार नाही. तुम्हाला कितीही वाटलं तरी नर्सची वही तुम्ही बघायची नाही. डॉक्टर तुम्हाला एवढंच सांगेल, हा माणूस या कामाला चालेल, हा चालणार नाही, याला गरम जागा नको. कुणाला कसला आजार हे नाही. एका जरी माणसाला रिपोर्ट बघून काढलं ना, तर पुढच्या वर्षी अर्धे लोक तपासणीच्या दिवशी सुट्टी घेतील आणि उरलेले खोटं बोलतील.

तंबाखूचं थोडक्यात. आपल्याकडे बिडी-सिगारेटपेक्षा मळलेली तंबाखू आणि गुटखा जास्त, २०१६-१७ च्या सर्व्हेत महाराष्ट्रात दर चौघांमागे जवळजवळ एकाला ही सवय निघाली. पोस्टर लावून काही होत नाही. नर्सने वर्षातून दोनदा तोंड उघडून बघावं, पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली की पाठवावं, आणि सोडायची इच्छा असेल त्याला १८००-११-२३५६ ह्या सरकारी फोनवर जोडून द्यावं. मनावरच्या ताणासाठी पण १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. तो नंबर लिहून ठेवा, पण कामगाराच्या डोक्यावरचा ताण बहुतेक कर्जाचा असतो, बचत गटाचा हप्ता, फायनान्सवाल्याचा हप्ता, आणि पगार सातऐवजी पंधरा तारखेला झाला की तो दुप्पट होतो. पगार वेळेवर करणं हे मी आरोग्याच्याच खात्यात धरतो.

आता सीएला दाखवायचा कागद. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे मस्टरवरून टाका. रोज सरासरी १२ जण न सांगता गैरहजर धरा, त्यात शेती, लग्न, दहावा-तेरावा, आखाजी सगळं आलं, आजारपणाचे त्यातले ४ धरू. एका माणसाची पाळी दुसऱ्याने ओव्हरटाइमने भरली तर दुप्पट दराने १२०० गेले, गैरहजर माणसाचे ६०० वाचले, म्हणजे निव्वळ जादा ६००. ४ माणसं, ६०० रुपये, ३०० दिवस, ७ लाख २० हजार. हा खर्च आज तुम्ही करताय, फक्त त्याला नाव नाही. यातला चौथा हिस्सा जरी कमी झाला तरी १ लाख ८० हजार. दुसऱ्या बाजूला नर्सचे महिना ८ हजार म्हणजे ९६ हजार, सगळ्यांची बीपी, शुगर, हिमोग्लोबिनची साधी तपासणी माणशी २०० ने २८ हजार, चष्मे ९,६००, दोन बीपी मशीन ५ हजार, शुगरच्या पट्ट्या १० हजार, जार आणि ओआरएस १२ हजार. झाले १ लाख ६० हजार ६००. कूलर, छताचा रंग, बाथरूमची दुरुस्ती यात धरलेली नाही, ते बिल्डिंगच्या खर्चात टाका, दहा वर्षं चालणारं आहे.

म्हणजे नुसत्या हजेरीवर बघितलं तर पहिल्या वर्षी जेमतेम बरोबरी होते, हे मी लपवत नाही, आणि कुणी तुम्हाला पहिल्याच वर्षी तिप्पट सांगत असेल तर त्याला कागदावर सही करून मागा. खरा फायदा चष्म्यामुळे आणि मे महिन्यातल्या थंडाव्यामुळे वाढलेल्या मालात आहे, शिकलेला ऑपरेटर टिकण्यात आहे, आणि तो तुमच्याच उत्पादनाच्या वहीत दिसेल. अजून एक, पहिल्या सहा महिन्यांत आजारपणाचा आकडा उलट वाढेल. घाबरू नका, आधी लोक "शेतात काम होतं" सांगायचे, आता खरं सांगायला लागलेत एवढाच त्याचा अर्थ.

त्यासाठी आजपासून मस्टरमध्ये एक रकाना वाढवा, गैरहजेरीचं कारण, चारच प्रकार, आजारपण, घरचं, शेती, माहीत नाही. आधीचे तीन महिने तरी असे हातात पाहिजेत, नाहीतर वर्षाने सीए विचारेल कशाच्या तुलनेत कमी झालं आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. शक्य असेल तर एका शेडला आधी सुरू करा आणि दुसऱ्या शेडला तीन महिन्यांनी, म्हणजे वडिलांना दोन्ही शेडचे आकडे शेजारी ठेवून दाखवता येतील. माझा अनुभव आहे की जुन्या पिढीचे शेठ लोक अभ्यास-बिभ्यास ऐकत नाहीत पण स्वतःच्या मस्टरवर त्यांचा पूर्ण विश्वास असतो.

पुण्याच्या कंपनीला नाही म्हणताना वाईट वाटून घेऊ नका, त्यांना एकच विचारा, ज्याचं बीपी १८० निघेल त्याला तुम्ही पंधरा दिवसांनी लूमवर येऊन भेटणार आहात का? हो म्हणाले आणि त्याचा दर वेगळा लिहून दिला तर फक्त तेवढं काम त्यांच्याकडून घ्यायला माझी काही हरकत नाही.

हे मी फेब्रुवारीत लिहितोय, ऊन तापायला तुमच्याकडे दीड महिना आहे. चष्मे आणि ईएसआयसीची कार्डं ह्या महिन्यात होतील, बाथरूमला गवंडी दोन दिवसांत येईल, नर्ससाठी नर्सिंग कॉलेजला विचारा. कूलरवाल्याला मात्र ह्याच आठवड्यात बोलवा आणि ॲडव्हान्स देऊन टाका, मार्च उजाडला की जळगावात कूलरवाला फोन उचलत नाही.